कोंड्याचा मांडा करणारा कारागीर



या पानावर तुम्ही माझ्याकडून खताच्या मात्रा, फवारणीच्या वेळा आणि बियाण्याची निवड ऐकत आला आहात. आज मात्र मी तुम्हांला एका सोनाराची गोष्ट सांगणार आहे. हा सोनार दूर फ्रान्स देशातला. पण त्याच्या गोष्टीत द्राक्षाचा मळा आहे, जनावराचे शिंग आहे, धानाच्या बांधावर उडणारा चतुर आहे आणि आंब्यावरचे बांडगूळही आहे. तेव्हा गोष्ट आपल्या शिवाराबाहेरची नाही.

आपल्या घरातल्या बायाबापड्यांच्या हातांत काचेच्या बांगड्या असतात. लग्नात हिरवा चुडा भरतात. बांगडी पिचली तर आपण दुसरी आणतो, कारण तिची किंमत थोडी. सोन्याची पाटली असती तर तिचा तुकडासुद्धा आपण जपून ठेवला असता. मालाच्या किमतीवरून आपण वस्तूची किंमत करतो. ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याने ही समजूत उलटी करून दाखवली. त्याचे नाव रने लालिक.

आजोळचा मळा

रने लालिक यांचा जन्म ६ एप्रिल १८६० रोजी झाला. गाव फ्रान्सच्या शांपेन भागातले. या गावाच्या नावाचा उच्चार आपल्या 'आई' या शब्दासारखाच होतो, आणि योगायोग असा की ते त्यांच्या आईचेच माहेर. हा सारा मुलूख द्राक्षाचा. खडूसारख्या पांढऱ्या जमिनीच्या उतारावर द्राक्षवेली लावलेल्या, आणि गावाचे पोट त्या वेलींवर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांवर जगणारी फायलोक्सेरा नावाची बारीक कीड याच भागात शिरली आणि मळेकऱ्यांना प्रतिकारक खुंटावर कलमे करून वेली नव्याने लावाव्या लागल्या. आपल्याकडचे द्राक्ष बागाईतदार खुंटावर कलम करतात, तेव्हा ती विद्या कोणत्या संकटातून जगभर पसरली हे ध्यानात ठेवावे.

रने लहान असतानाच आईवडील पॅरिस शहराजवळ राहायला गेले. पण सुट्टीत पोर आजोळी येई. आजोळच्या मळ्यात, कुंपणाच्या झुडपांत, ओढ्याकाठी ते हिंडे आणि जे दिसेल ते कागदावर काढी. पाने, कळ्या, गांधीलमाश्या, चतुर, नाकतोडे. बाराव्या वर्षी शाळेत त्याला चित्रकलेचे चांगले शिक्षक भेटले आणि हाताला वळण लागले.

तो सोळा वर्षांचा असताना, १८७६ साली, वडील वारले. घरातला कर्ता माणूस गेला म्हणजे काय होते हे तुम्हांला सांगायला नको. अशा वेळी आपल्याकडे पहिला घाव पडतो तो पोराच्या छंदावर. लालिक यांच्या घरी निराळे झाले. मुलाचा हात चित्रात चालतो, तर ज्या धंद्यात चित्र लागते त्या धंद्यात त्याला घालावे, असे ठरले. पॅरिसमधल्या लुई ओकोक या नामांकित जवाहिऱ्याकडे तो उमेदवारीला लागला. दिवसा दुकानात हातकाम, संध्याकाळी कलाशाळेत रेखाटन. पुढे दोन वर्षे तो इंग्लंडात लंडनजवळ सिडनहॅम येथे शिकला. लोखंड आणि काचेचा प्रचंड महाल तिथे उभा होता. शिक्षणाचा खर्च परवडत नाही म्हणून छंद सोडून देणे आणि छंद हाच धंद्याला जुंपणे, यांतला फरक वाचकहो, इथे नीट पाहून ठेवा. मला शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

इंग्लंडहून आल्यावर लालिक इतर मोठ्या पेढ्यांसाठी दागिन्यांचे नमुने काढून देत. कार्तिए, बुशेरॉ अशा पेढ्यांत त्यांचे नमुने जात, पण दागिन्यावर नाव पेढीचे. १८८५ साली एका जवाहिऱ्याची चालती कार्यशाळा त्यांनी चालवायला घेतली आणि पंचविसाव्या वर्षी ते स्वतःचे धनी झाले.

शिंगाचे मोल

त्या काळी श्रीमंतांचा दागिना म्हणजे हिऱ्यांची रास. जितका हिरा मोठा, तितका दागिना भारी. कारागिराने करायचे काय, तर हिरा नीट बसवायचा. लालिक यांना हे पटेना. हिऱ्याला भाव आहे तो खाणीचा आणि व्यापाऱ्याचा. मग कारागिराच्या डोळ्याला आणि बोटांना काही भाव आहे की नाही?

त्यांनी काय करावे? जनावराचे शिंग हातात घेतले. होय, आपल्या गोठ्यातल्या जनावराला असते तसलेच शिंग. आपण पोळ्याला बैलाची शिंगे घासून त्यांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, पण शिंगापासून राणीने डोक्यात माळावा असा दागिना होईल, असे आपल्या मनात येत नाही. शिंग तापवले की मऊ पडते, दाबले की हवा तो आकार घेते, आणि पातळ तासले तर उजेडात मधासारखे पारदर्शक दिसते. लालिक यांनी शिंगाच्या फण्या कोरल्या. कुठे पानांची डहाळी, कुठे फुलांचा झुबका. त्यावर थोडे सोने, एखादा ओपल खडा, जरासा मिना. १८९६-९७ च्या सुमारास पॅरिसच्या प्रदर्शनात शिंगाचे दागिने मांडले गेले, तेव्हा लोक चकित झाले.  आपल्याकडे म्हणतात तसा त्यांनी कोंड्याचा मांडा केला.

दुसरी त्यांची करामत मिनाकामाची. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती धातूवर पसरून भट्टीत तापवतात आणि वितळली की ती धातूला धरते. आपल्याकडेही मिनाकाम आहे. पण लालिक यांच्या आवडीच्या प्रकारात काचेखाली पत्राच नसे. सोन्याच्या बारीक तारांची चौकट करायची, तिच्या घरांत काचेची पूड भरून वितळवायची आणि मागे काहीही ठेवायचे नाही. उजेड आरपार जातो. चतुराचा पंख उन्हात धरून पाहा, त्यात जशा शिरा आणि शिरांमधली पारदर्शक घरे दिसतात, नेमके तेच. निसर्गात पाहिलेली गोष्ट आणि धंद्यातली युक्ती यांची अशी गाठ पडली.

छातीवरचा चतुर

त्यांचा सर्वांत गाजलेला दागिना चतुराचाच आहे. १८९७-९८ साली केलेला हा दागिना छातीवर लावायचा, आणि रुंदीला चांगला वीतभराहून मोठा. चतुराच्या तोंडातून एक स्त्री वर येते आहे, तिच्या पाठीमागून चार पंख पसरले आहेत आणि खाली लांब, सांधेदार शेपूट. सोने, मिना, हिरवट खडे, चंद्रकांत आणि थोडे हिरे, एवढी सामग्री. हा अंगावर घालून कोणी स्वयंपाक करील असे नाही. पाहणाऱ्याला थोडी भीती वाटावी आणि तरी डोळा निघू नये, असा हा दागिना आहे. कालूस्त गुलबेंकियन नावाच्या तेलाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने तो घेतला. त्याने लालिक यांच्या शेकडाहून अधिक वस्तू जमवल्या. आज त्या पोर्तुगालच्या लिस्बन शहरात त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत.

त्याच संग्रहालयात कोंबड्याच्या डोक्याचा एक मुकुट आहे, चोचीत जांभळा खडा धरलेला. कोंबडा, साप, गांधीलमाशी, उंटकटाऱ्यासारखी काटेरी फुले हे सारे लालिक यांनी दागिन्यांत आणले. मी शेतकी पदवीधर. तीस वर्षे मी तुम्हांला कीड ओळखायला शिकवत आलो, ती मारण्यासाठी. चतुर आपला मित्र कीटक, तो उडता उडता डास आणि तुडतुडे पकडून खातो, त्याची पिले पाण्यात वाढतात, हेही मी सांगत आलो. पण चतुराचा पंख मी कधी उन्हात धरून पाहिला नव्हता. ही गोष्ट वाचल्यावर पाहिला. तुम्हीही पाहा.

साराह बर्नहार्ट या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध नटीने लालिक यांचे दागिने वापरले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. तिथे लालिक यांच्या दालनापुढे पंख असलेल्या स्त्रियांच्या पितळी रंगाच्या मूर्तींची जाळी उभी केली होती आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. चाळीस वर्षांचा हा माणूस कीर्तीच्या शिखरावर पोचला.

पन्नाशीत नवे पीक

आता गोष्टीचे खरे वळण येते. एखाद्या गावात एका शेतकऱ्याने डाळिंब लावून पैसा केला की दोन वर्षांत सारा गाव डाळिंब लावतो आणि भाव पडतो. लालिक यांचे तसेच झाले. जो तो चतुर आणि फुलपाखरे करू लागला. नकला स्वस्त आणि कामात कच्च्या. ज्या वाटेने नाव झाले त्या वाटेवर आता धूळच धूळ. शिवाय एकेक दागिना करायला कितीतरी दिवस लागायचे आणि तो जायचा एका श्रीमंताच्या तिजोरीत.

मिन्यामुळे काचेशी त्यांची ओळख होतीच. दागिन्यांत ते काचेचे छोटे तुकडे ओतून बसवत. १८९८ पासून पॅरिसबाहेर क्लेरफोंतेन येथे त्यांनी काचेचे प्रयोगही चालवले होते. १९०५ साली पॅरिसच्या वांदोम चौकात त्यांनी दुकान थाटले. शेजारीच फ्रांस्वा कोटी नावाचा अत्तराचा व्यापारी होता. अत्तराचा वास बाटली उघडल्यावर कळतो, पण गिऱ्हाईक आधी बाटली पाहते, हे त्याने ओळखले होते. साधारण १९०७-०८ च्या सुमारास त्याने लालिक यांना आपल्या अत्तरासाठी काम सांगितले. एक हार राणीसाठी करणारा कारागीर आता हजारो बाटल्यांचा नमुना करू लागला. साच्यातून बाटली निघते, म्हणून ती स्वस्त पडते. पण साचा पहिल्या प्रतीच्या कारागिराने केलेला असेल, तर हजारावी बाटलीसुद्धा देखणी निघते.

१९०९ साली त्यांची पत्नी वारली. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसजवळ कोंब-ला-व्हिल येथे काचेचा कारखाना भाड्याने घेतला आणि १९१३ साली तो विकत घेतला. १९१२ च्या सुमारास त्यांनी केवळ काचेच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले आणि दागिन्यांचा धंदा जवळजवळ बंद केला. वय बावन्न. जगातला पहिल्या नंबरचा जवाहिरा म्हणून ज्याला मान होता, त्याने ते पीक मोडून नवे पेरले. मीही आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. या वयात पाऊलवाट सोडायला किती धीर लागतो, ते मला ठाऊक आहे.

वाळूचे रत्न

काच म्हणजे काय? वाळू, सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ती कमी आचेवर वितळते, आणि चुना घातला की झालेली काच पाण्यात विरघळत नाही. भट्टीत हा रस चौदाशे-पंधराशे अंशांवर तयार होतो. गुळाच्या पाकाची उपमा घ्या. गरम असता ओघळतो, निवत गेला की तार धरतो, आणखी निवला की टणक होतो. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे जसे गुळव्याला कळते, तसेच काचकामात रस कोणत्या क्षणी घ्यायचा हे हाताला कळावे लागते.

लालिक यांच्या तीन रीती होत्या. पहिली मेणाची. मेणाचा नमुना हाताने कोरायचा, त्याभोवती मातीसारखे आवरण घालायचे, तापवून मेण ओतून काढायचे आणि त्या पोकळीत काच भरायची. आपले मूर्तिकार पितळेच्या मूर्ती अशाच ओततात. यात आवरण फोडावे लागते, म्हणून वस्तू एकच निघते. दुसरी रीत फुंकण्याची. नळीच्या टोकाला रसाचा गोळा घेऊन तो धातूच्या साच्यात फुंकून फुगवायचा. तिसरी दाबण्याची. साच्यात रस टाकून वरून दट्ट्याने दाबायचा. वस्तू निघाली की ती सावकाश निववावी लागते. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते ना? तसेच भट्टीतली वस्तू एकदम निवली तर आतल्या ताणाने फुटते.

शेवटचा संस्कार म्हणजे पृष्ठभाग. काही भाग आम्ल लावून धुकट करायचा, काही चकचकीत ठेवायचा. भर दुपारचे ऊन आणि पहाटेचे धुके एकाच फुलदाणीवर दिसते. त्यांनी पुष्कळदा रंग वापरलाच नाही. रंग नसताना केवळ उजेडाने चित्र उभे करणे ही त्यांची खरी विद्या.

आणि चित्रे कसली? एका फुलदाणीवर गवताच्या पात्यांवर बसलेले नाकतोडे. एकीवर वेटोळे घातलेला साप, तोच फुलदाणीचा आकार. आणि एकीवर चक्क बांडगूळ! झाडाचा रस पिऊन जगणारी जी वनस्पती आपण आंब्यावरून कोयत्याने तोडून टाकतो, तिच्या युरोपातल्या भाऊबंदाची पाने आणि फळे त्यांनी १९२० साली फुलदाणीवर गुंफली. झाडावर ठेवा असे मी म्हणत नाही. बांडगूळ तोडलेच पाहिजे. पण तोडण्यापूर्वी एकदा पाहायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे परत आला. तिथल्या जंगलात लाकूड आणि वाळू मुबलक, म्हणून काचकाम पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्या भागातल्या व्हिंगेन या खेड्यात लालिक यांनी १९२१ साली नवा कारखाना उभारला.  १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी काचेचे सुमारे पंधरा मीटर उंच कारंजे उभारले. १९३५ साली निघालेल्या 'नॉर्मांडी' या अजस्र जहाजाच्या भोजनगृहात त्यांच्या काचेच्या खांबांचा उजेड होता. मोटारीच्या टोपणावरच्या शोभेच्या मूर्तीपासून ते जर्सी बेटावरच्या चर्चमधल्या काचकामापर्यंत त्यांचा हात पोचला.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० साली जर्मन फौजांनी आल्सास घेतले, कारखाना बंद पडला. मे १९४५ मध्ये पॅरिसला लालिक वारले, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी. भट्टी पुन्हा पेटलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. ती पेटवली त्यांच्या मुलाने, मार्कने. त्याने साध्या काचेऐवजी शिसे घातलेली स्फटिककाच आणली आणि धंदा टिकवला. व्हिंगेनचा कारखाना आजही चालू आहे, आणि २०११ पासून त्या खेड्यात लालिक यांच्या कामाचे संग्रहालय आहे.

माझी एक चूक

ही गोष्ट मी आज का सांगतो आहे, ते आता सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावात कापसावरच्या बोंडअळीची बैठक होती. शाळेच्या व्हरांड्यात मी रंगीत तक्ता टांगला होता. मागच्या रांगेत आजोबांबरोबर आलेली सातवीतली एक मुलगी वहीत मान घालून बसली होती. बैठक संपल्यावर मी वही पाहिली. दिव्यावर आलेले पतंग तिने काढले होते. पंखांवरच्या रेषा, मिशा, सगळे माझ्या तक्त्यापेक्षा अचूक. तिचे आजोबा म्हणाले, "साहेब, हिला सांगा काहीतरी. दिवसभर नुसत्या रेघोट्या." आणि मी हसत हसत म्हणालो, "बाळ, चित्रं काढून पोट भरत नाही." सारे हसले. तिने वही मिटली.

गेल्या वर्षी बचतगटाच्या एका सभेत एक बाई पुढे येऊन म्हणाली, "साहेब, ओळखलंत का? तुम्ही मला पोट भरत नाही म्हणाला होता." मी खाली पाहिले. ती म्हणाली, "तसं वाईट काही नाही, साहेब. शेती बरी आहे. पण ती वही मी त्याच दिवशी चुलीत घातली." तिच्याजवळ तिची लेक उभी होती. मी विचारले, "ही काढते का चित्रं?" बाई म्हणाली, "काढते. मी काही म्हणत नाही."

मी त्या दिवशी खोटे बोललो होतो असे नाही. चित्राने पोट भरतेच असे नाही. पण लालिक यांच्या घरी वडील गेल्यावर जे झाले, ते मला त्या वेळी सुचायला हवे होते. पोराचा हात चालतो ना, मग ज्या धंद्यात हात लागतो तो धंदा शोधा. सोनारकाम आहे, साचेकाम आहे, कापडावरची नक्षी आहे, पुस्तकांतली पिकांची आणि किडींची चित्रेही कोणीतरी काढतेच. आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतून देता येतात. तुमच्या मुलाच्या शाळेत त्यांची सोय आहे का, एवढे चित्रकलेच्या शिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना विचारा. प्रत्येक पोर लालिक होणार नाही. पेरलेले प्रत्येक बी तरी कुठे उगवते? म्हणून आपण पेरणी सोडत नाही.

त्या बाईच्या लेकीला मी परवा एक रंगपेटी आणि कोरी वही पाठवली. वीस वर्षे उशीर झाला, पण पाठवली. तुमच्या घरात अशी वही असेल, तर ती चुलीजवळ ठेवू नका. आणि पाऊस उघडला की एखादा मेलेला चतुर बांधावर सापडेल, त्याचा पंख पोराच्या हातात देऊन उन्हात धरायला सांगा. पुढचे ते पोर पाहील.